चेहरा नसलेले फोटो

७ डिसेंबर
—आणि शटर दाबलं. मनकर्णाबाई संत्री निवडत होत्या. बोटांच्या रेघांत माती, मधे केशरी फळ.
‘तोंडाचा काढा ना गुर्जी! हातं काय काढून राहिले? हातं का भितीवर टांगतेत?’
त्यांचे यजमान रामाजी बाजेवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना फार धूसर दिसतं. म्हणाले, ‘तुहं तोंड पाहून कॅमेरा बिघडन!’
मी म्हटलं, चेहऱ्यावर उजेड नाही. पुढच्या वेळी.
उजेड होता. मला हात हवे होते.

८ डिसेंबर
हातांचा फोटो नागपूरच्या प्रदर्शनाला पाठवला. छाया बघून म्हणाली, ‘मास्तरकी सोडली, पण निबंध काही सुटला नाही तुमचा. हात, पाठ, सावली — माणूस कुठाय?’
शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं. बायकोकडून शेरा ऐकायची सवय नाही.

१६ डिसेंबर
निवड झाली! पेढे आणायला निघालो तेवढ्यात सौसरहून वैभवचा फोन. मनकर्णाबाईंचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी.
‘सर, आई गेली.’
पेढे आणले नाहीत. पण आनंद लगेच गेला नाही, हेही खरं.

१८ डिसेंबर
वैभव म्हणाला, ‘तेरवीले आईचा एक मोठा फोटो पाहिजे सर. लग्नाच्या अल्बमात सगळीकडं पदरच दिसते. आधारवरचा मोठा केला तं नुसता डाग! तुमच्यापाशी लय असतीन.’
लय आहेत. हात. पाठ. हंड्यावर पडलेली सावली. एकातही चेहरा नाही.
कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खराब झालं, असं सांगितलं.
‘जाऊ द्या सर. तुमचा काय दोष?’

२७ डिसेंबर
वैभवने बोलावलं. मनकर्णाबाईंची धाकटी बहीण उर्मिला आलेली. तोच तोंडवळा. बहिणीचं लुगडं नेसून खुर्चीवर बसलेली.
‘हिचाच काढा सर. बाबाले सांगू नका. आईचा फोटो कुठाय म्हणून रोज इचारते.’
जित्या माणसाच्या फोटोला हार? मी उर्मिलेकडे पाहिलं.
‘घाला ना! मी का लगेच मरून राहिली? भाऊजीले काहीतरी दिसू द्या.’ मग पदराने डोळे पुसले. ‘आता काढा.’
खुर्ची खिडकीकडे वळवली. पडदा सारला. वैभवला पांढरी चादर धरायला लावली. उजेडासाठी किती खटपट केली मी!
चेहरा छान आला. माझा पहिलाच.

२८ डिसेंबर
सकाळी तेरवी. रामाजींनी फोटो डोळ्यांशी धरला, काचेवरून हात फिरवला.
‘तिची तेवढीच हौस होती गुर्जी. तुमी पुरवली.’
उर्मिला उठून आत गेली.
मी ‘हो’ म्हटलं. पंगतीला बसलो. जेवलो.