बोर्ड ओळखत नाहीये

प्रिय अतिशहाणे,

‘बोर्ड ओळखत नाहीये, येऊन ड्रायव्हर टाकून दे ना.’ एवढाच तुझा मेसेज, तोही इतक्या महिन्यांनी! कसा आहेस, जिवंत आहेस का, काही नाही. मी मात्र तो वाचत बसलो आणि एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलचा स्क्रू उलटा पिळला. दुकानाचे मालक म्हणाले, नवरदेव, लक्ष कुठंय?

आता नीट वाच. तुझ्या प्रोजेक्टच्या सर्किट बोर्डावरचा दिवा लागतोय म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नकोस. आधी केबल बदल. चार्जिंगच्या काही केबलींमधून नुसती वीज जाते, माहिती जातच नाही. तुझ्या दादाच्या जुन्या कॅमेऱ्याची केबल चालेल. पण विचारून घे, नाहीतर तो घर डोक्यावर घेईल. मग कॉम्प्युटरवर डिव्हाइस मॅनेजर उघड. तिथे पिवळी खूण दिसली तर बरंच आहे. काहीतरी जोडलंय एवढं कॉम्प्युटरला कळलंय, त्याच्याशी बोलायचं कसं ते कळत नाहीये. ते शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजेच ड्रायव्हर. आपला बोर्ड स्वस्तातला, त्यावरची यूएसबीची चिप वेगळी. मूळ कंपनीच्या बोर्डाचा ड्रायव्हर तिला चालत नाही, आणि तू तोच परत परत टाकत असणार, तुझा हट्ट मला माहीत आहे. मोबाईलनं फोटो काढून चिपवरची बारीक अक्षरं वाच, त्या नंबरचा ड्रायव्हर उतरव. टाकताना बोर्ड काढून ठेव. कॉम्प्युटर बंद करून चालू कर, मग बोर्ड जोड आणि प्रोग्रॅममध्ये नवा पोर्ट निवड. हे शेवटचं तू हमखास विसरशील.

तुझे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा सलाईनची बाटली संपत आली की वाजणारी ही घंटी तुला सुचली. वजनाचं गणित तुझं, प्रोग्रॅम तुझा. मी फक्त तारा जोडल्या. आणि प्रोजेक्टचे सर भर वर्गात तुला म्हणाले, कुणाकडून करून घेतलंस ते दिसतंच आहे. माझं डोकं सटकलं. ओरडलो, टेबलाला लाथ घातली, बाहेर पडलो तो परत कॉलेजात गेलोच नाही. तू मागून धावत आलीस. मला वाटलं, समजूत काढायला. तर म्हणालीस, मला तोंड नाही का? उत्तर मी देणार होते. त्याचा मला अजूनही थोडा राग आहे, खोटं कशाला सांगू.

तुझा मेसेज आल्यापासून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. माझ्यासाठी चुटकीसरशी होणारं काम, वर तुझ्या शेजारी बसायला मिळालं असतं. पण सोमवारी तुझ्या प्रोजेक्टच्या परीक्षेला तेच सर असणार, आणि हे कुणी केलं, हेच आधी विचारणार. म्हणून येत नाहीये. फोनही करत नाही. तुझा आवाज ऐकला की मी निघालोच म्हणून समज. तुझ्या मैत्रिणीच्या हाती हे पत्र देतोय. सगळं तुझ्या हातानं कर. त्यांनी विचारलं तर माझ्यासारखी भडकू नकोस. बोर्ड काढ, त्यांच्यासमोर पुन्हा जोड, चालवून दाखव. घंटी वाजली की सरांकडे बघ, दाराकडे नको. मी तिथे नसेन.

तुझाच,
मोठ्या मुश्किलीनं जागेवर बसलेला
भडकू