खेकड्यांच्या सहाव्या विणीबाबत

मी, पायगोंडा आदगोंडा मगदूम, वय बाहत्तर, धंदा हळदीची अडत (आता बंद), राहणार पलूस, जिल्हा सांगली, माझ्या पश्चातची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवतो. कुणाचा दाब नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ठिकाणावर आहे, पण गोंधळलेले आहे. तसे लिहायला दाखल्यात जागा नव्हती. येत्या सोमवारी सांगलीत माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर पत्नी गुणमाला हिला मिळावे. मळा मुलगा आर्जव व मुलगी ब्राह्मी यांनी निम्मा निम्मा घ्यावा. बांधावरून भांडू नये. मी भांडून पाहिले आहे, हाती काही लागत नाही.

२. सोप्यातली चार फुटी काचेची टाकी व तीतले नऊ खेकडे ब्राह्मीला. तिनेच ते सहा वर्षांपूर्वी कोकणातल्या खाडीवरून आणले. नराची एक नांगी अंगाएवढी असते आणि ती तो दिवसभर वरखाली हलवतो. शेवाळ आणि चिखलातले कण खातात, कुणाची शिकार करत नाहीत, म्हणून मी ठेवून घेतले.

३. धाकटा भाऊ वीरधवल याने "आमचं दादा खेकडं खाया लागल्यात" असे सगळ्या बाजारात सांगितले. त्याला माझे भिंग द्यावे. आधी बघावे, मग बोलावे.

४. आम्हा जैनांत पाणी गाळून घेतात आणि फडक्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले त्यातच परत सोडतात. टाकीतले पाणी आमच्या विहिरीचे, त्यात समुद्री मीठ घातलेले. मी रोज पहाटे ते दुहेरी फडक्यातून गाळून टाकीत परत ओती आणि फडके विहिरीत विसळी. मादीने चार वेळा पोटाखाली अंडी धरली, चारही वेळा एका सकाळी पोट रिकामे. मला वाटे, अंडी पोकळ निघाली. गेल्या वर्षी ब्राह्मीने फडक्यावर भिंग धरले.

"आण्णा, ह्यो कचरा न्हाई. पिल्लं हायती."

"मग हिरीत सोडली ती?"

"गोड्या पाण्यात कशी जगतील, आण्णा?"

जीवदया म्हणून मी हजारो जीव मारले. महाराजांना विचारले. अजाणता घडले म्हणाले, प्रायश्चित्त दिले, ते केले. तरी मनाला पटत नाही.

५. पाचव्या विणीची पिल्ले वेगळ्या बरणीत ठेवून शेवाळाची पूड घातली. आठवड्यात सगळी गेली. ब्राह्मी म्हणते, त्यांना जिवंत किडेच लागतात. त्या किड्यांची अंडी पाकिटात मिळतात, मिठाच्या पाण्यात फुटतात. म्हणजे एक जीव जन्माला घालायचा तो दुसऱ्याच्या तोंडी द्यायला. न द्यावा तर पिल्ले मरतात. मादीला खाडीवर सोडावे, तर या अवस्थेत ती प्रवासात दगावेल. तिच्या पोटाखाली आता सहाव्यांदा अंडी आहेत. मंगळवारच्या सुमारास फुटतील आणि मी नेमका दवाखान्यात. सबब, ब्राह्मीने किडे घालावेत व त्याचे पाप माझ्या नावे धरावे.

६. कलम ५ मधले शेवटचे वाक्य रद्द. गुणमालाने ते वाचले.

"आवं, करम कुणाच्या नावावर चढतंय व्हय? ज्यानं क्येलं त्याचं त्याला."

खरे आहे. घर लिहून देता येते, हे येत नाही. लेकीच्या हातून मी हे करून घेणार नाही. तर मग किडे घालूच नयेत. नाही, तसेही नको.

७. ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकलले आहे. तेवढ्यात पिल्लांचे खेकडे होतात. डॉक्टर रागावले, तोवर हृदय निभेल याची खात्री देत नाही म्हणाले. किडे मी माझ्या हाताने घालीन. मध्येच मी गेलो, तर पुढे घालायचे की नाही ते ब्राह्मीचे तिने ठरवावे. तिला कुणी बोल लावू नये. तारीख मी बदलली आहे, आणि हे तिला अजून सांगितलेले नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. दोन ठिकाणी खोडले, तिथे सही केली आहे. अंमलबजावणी आर्जवने करावी.

पायगोंडा आदगोंडा मगदूम (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. ज्ञानू बापू सूर्यवंशी, निवृत्त पोस्टमन, पलूस (सही)
२. दीपमाला अशोक शेटे, शेजारी, पलूस (सही)

पलूस, दि. २४ ऑक्टोबर २०२४