करंजाळीचा मुक्काम

प्रिय पप्पा,

आपण ठरवलेली सायकलफेरी पुढच्या आठवड्यात निघते आहे. बरोबरच्या तिघींना उद्या पक्का मार्ग पाठवायचा आहे. त्यात मी एक बदल केला होता. तो तुम्हाला सांगायला हवा, म्हणून लिहिते आहे.

नाशिक, दिंडोरी, वणी, सुरगाणा, पेठ. इथवर सगळं तुमचंच. मी फक्त प्रत्येक घाटाचा चढ नकाशावर तपासला. तुम्ही असता तर हसला असता. घाट अवघड की सोपा, हे तुम्ही वर चहा मिळतो की नाही यावर ठरवायचात. अंबडच्या कारखान्यात आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेला माणूस रस्त्याच्या बाबतीत इतका ढिला कसा हो?

पेठहून घरी यायला मात्र मी सरळ रस्ता सोडला आणि हरसूल, त्र्यंबकेश्वर असा वळसा घेतला. लांबून कशाला, असं आईने विचारलं. वाहनं कमी असतात, मी म्हटलं. ते खरंही आहे. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चढउताराचं मला कळत नाही. करंजाळी टाळलीस, एवढं कळतं."

त्या सरळ रस्त्यावरच्या करंजाळीला आत्या. तुमची धाकटी बहीण. तिच्या दारावरून चहा न घेता तुम्ही कधी पुढे गेलात का? सायकल दिसली की ती ओट्यावरूनच विचारायची, एसटी बंद पडली का रं दादा? आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचात.

तुमच्या दहाव्यानंतर मी तिच्याकडे गेलेले नाही. तिचा फोन दोन वाक्यांत संपवते. पप्पा, तिचे डोळे, हसताना एका बाजूला झुकणारी मान, सगळं तुमचं आहे. तुम्ही होतात तोवर हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

तुमचा थोडा रागही येतो. पंक्चर काढण्यापासून सगळं शिकवलंत. माणसांकडे जाणं-येणं मात्र एकट्यानेच सांभाळलंत. ते कधी माझ्यावर सोपवलंत का?

आईचं ऐकून मी गॅलरीत गेले आणि आत्याला फोन लावला. पेठवरून चौघी येतोय, एवढंच सांगितलं.

"तुझा बाप गेला, तसा माझा भाऊबी गेला ना गं," ती म्हणाली. "आपण दोघींनी एकमेकींकडं नाय जायचं, तं कुठं जायचं?"

मी 'हो' म्हटलं. मग तिनेच विषय बदलला. तुझ्या मैत्रिणी नागलीची भाकरी खातील, का त्यांना चमचे मांडून ठेवू?

मार्ग बदलला आहे. शेवटचा मुक्काम करंजाळी.

आत्या दारात आली की ब्रेक तपासायच्या निमित्ताने मी खाली बघणार नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघेन. तिला हवं तेवढं तुमच्याबद्दल बोलू देईन, आणि मीही बोलेन. हे वचन.

तुमची,
स्वाती