रात्रीच्या सहा जागा : एक निर्भीड परीक्षण

३ नोव्हेंबर, सोमवार. रात्री ९.३०
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. दुपारी छापखान्याच्या मालकांनी सर्वांसमोर सांगितलं की, शहराच्या जुन्या भागात रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या खाण्यापिण्याच्या जागांवर एक पुस्तिका काढायची आहे, पण लिहिणारा मिळत नाही. मी कटिंग मशीनजवळून हात वर केला. लोक हसले. मालक म्हणाले, बरं विद्वान, तीस तारखेच्या आत आण. जमलं तर कव्हरवर तुझं नाव आणि एक तारखेपासून तू प्रूफच्या टेबलावर. नाही जमलं तर तुझं कटिंग आहेच.
शेवटच्या परीक्षेत मी राहिलो तो गणितामुळे. शुद्धलेखनात माझा हात धरणारा या छापखान्यात कोणी नाही. चार वर्षं मी इतरांचे कागद कापतो आहे. आता पुरे.
संध्याकाळी कव्हर करूनही टाकलं. जाड पुठ्ठा, निळं कापड, सोनेरी अक्षरांत माझं पूर्ण नाव. आत कोरी पानं आहेत. ती भरणं हा तपशील आहे.

४ नोव्हेंबर
नियम ठरवले. ओळख द्यायची नाही. गुण शंभरपैकी. दया नाही.
आत्याला सांगितलं, कारण मी तिच्याकडे राहतो. ती म्हणाली, अरे, त्या गल्लीतलं काय हवं ते मला विचार की. मी समजूतदारपणे हसलो. आत्या रोज संध्याकाळी कुठेतरी कामाला जाते आणि रात्री दोनला येते, तेव्हा अंगाला कांद्याचा वास असतो. कुठे जाते ते मी कधी विचारलेलं नाही. बायकांच्या कामात नाक खुपसायची मला सवय नाही. येताना ती माझ्यासाठी डबा आणते. पुस्तिका होईपर्यंत डबा बंद, असं तिला बजावलं. परीक्षकाची जीभ कोरी हवी. ती म्हणाली, जीभ ठेव कोरी, पोट ठेवू नकोस.

५ नोव्हेंबर. रात्री ११.५०
जागा पहिली. हिरव्या दाराची. ओळखू येऊ नये म्हणून काळा चष्मा लावला होता. आत अंधार असल्यामुळे एक टेबल लागलं. गुडघा सुजला आहे.
मटणाचा रस्सा आणि पाव. रस्सा पाणचट, मसाला उग्र, मटण रबरी. शिजवणाऱ्याला मुळात खाण्याची आवड नसावी. ११ गुण. त्यातले पाच पावाचे.

९ नोव्हेंबर, रविवार. रात्री २.१५
जागा दुसरी. मोठ्या घड्याळाखालची. रस्सा सरळ सरळ करपलेला. १९ गुण. निदान इथे आच तरी होती.
घरी आलो. पाठोपाठ आत्या आली. ती वैतागलेली होती. म्हणाली, आज मेली चूल नीट पेटेना, रस्सा तळाला लागला. मी म्हटलं, आत्या, मी दिवसभर अभ्यास करून दमलो आहे, तुझ्या चुलीचं उद्या बोलू.
माणसं किती लहानसहान गोष्टींत अडकून पडतात.

१४ नोव्हेंबर
जागा तिसरी आणि चौथी एकाच रात्रीत. ४३ आणि २७. चौथ्या जागेचा रस्सा म्हणजे तिसऱ्या जागेची गबाळी नक्कल आहे. एकमेकांचं चोरताना यांना लाज कशी वाटत नाही? 'वाङ्मयचौर्य' हा शब्द योजला. पूर्ण छापखान्यात तो न चुकता लिहिणारा मी एकटा.
चौथ्या जागेत मला 'प्रवासी साहेब' म्हणून हाक मारली. मी तिसऱ्या जागेत प्रवासी असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे वेशांतर पोहोचलं.

१८ नोव्हेंबर. पहाटे (वेळ नक्की नाही)
जागा पाचवी. जिन्याखालचा बार. इथे बिअर मागवली, केवळ अभ्यासासाठी. अर्धा ग्लास झाल्यावर लक्षात आलं की खुर्चीचे पाय असमान आहेत. दहा गुण कापले. परतताना जिन्याला पायऱ्या जास्त होत्या. आणखी पाच कापले. एकूण २२.
वाटेत उलटी झाली. रस्सा शिळा असणार.

१९ नोव्हेंबर
सुट्टी घेतली. आत्याने लिंबू-पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. हिला कशाचीच चौकशी नसते.

२२ नोव्हेंबर, शनिवार. रात्री २.४०
सापडलं.
जागा सहावी. गल्लीच्या टोकाचा बार. याचा मालक रात्रभर डोळे वटारून काउंटरवर बसतो, म्हणून मी त्याचं नाव घुबड ठेवलं आहे. दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. जीभ याहून कोरी होणं अशक्य. रस्सा आला. एका घासात कळलं, हा हात वेगळा. दाट, खोल, शेवटी जिभेवर हलकी मिरी. या गल्लीतल्या बाकीच्या आचाऱ्यांना इथे आणून भांडी घासायला लावायला हवं. ९२ गुण. आठ गुण घुबडाच्या नजरेचे कापले.
मी घुबडाला म्हटलं, हा आचारी नक्कीच मोठ्या हॉटेलात शिकलेला आहे, मला भेटायचं आहे. घुबड म्हणाला, प्रवासी साहेब, तुम्ही तर रोजच भेटता की. आणि पोट धरून हसला. बारवाल्यांनी स्वतःचा माल पिऊ नये.

२८ नोव्हेंबर
पुस्तिका पूर्ण. शेवटचं वाक्य : 'एकाच गल्लीत ११ आणि ९२ सुखाने नांदतात, हे या शहराचं दुर्दैव.' दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त आवडलं.
प्रूफच्या टेबलावर कुठे बसायचं ते पाहून ठेवलं. खिडकीशी.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.००
सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही, पण नियम म्हणजे नियम.
मालकांनी पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली. त्याच वेळी घुबड नवीन मेन्यू कार्डं छापायला टाकण्यासाठी आला होता. तोही बसून ऐकू लागला. वाङ्मयचौर्याला घुबडाला ठसका लागला.
मग मालक उठले, फळीवरून सहा मेन्यू कार्डं काढली आणि माझ्यासमोर ओळीने मांडली. म्हणाले, ही कोणी कापली? मी म्हटलं, मी. चार वर्षं मीच कापतो. म्हणाले, वाच. मी वाचलं. वर सहा वेगळी नावं. खाली सगळं तेच. पदार्थ, क्रम, रेघा, सगळं. मालक म्हणाले, खालचा मजकूर आपण एकदाच जुळवतो रे, फक्त वरचं नाव बदलतो. मी म्हटलं, कापताना मी फक्त कडा पाहतो.
घुबडाने समजावलं, अगदी लहान मुलाला समजावावं तसं. जुनी लाकडी घरं. मागे एकदा आग लागली, तेव्हापासून गल्लीत चूल पेटवायची परवानगी एकाच घराला. मागच्या अंगणात एक स्वयंपाकघर, एक पातेलं. तिथून सहा खिडक्यांतून सहा जागांना जातं. मी विचारलं, हे कुणी सांगितलं कसं नाही? तो म्हणाला, सांगायचं काय त्यात, गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे.
मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, पण ९२ गुणांचा आचारी? मालक आणि घुबड एकमेकांकडे बघत राहिले. मग मालक हळूच म्हणाले, विद्वान, तू घरी जा.
निघताना घुबडाची ऑर्डर माझ्या हातात दिली. सहाशे कार्डं, सोमवारी कापायची. म्हणाले, या वेळी वाचून काप.

३० नोव्हेंबर, रविवार. रात्री २.२०
आत्याची वाट बघत जागा राहिलो. आल्यावर विचारलं, तू कुठे कामाला जातेस? म्हणाली, सुचलं का विचारायला? बावीस वर्षं झाली त्या चुलीपाशी. तुझ्या शाळेची फी काय आकाशातून पडत होती?
मग म्हणाली, मला किती मार्क दिलेस ते वाच. मी ९२ वाचले. म्हणाली, सगळे वाच. सगळे वाचले. एकोणीसला म्हणाली, हे बरोबर आहे, त्या दिवशी लागला होता. मग तिने मनाशी बेरीज केली, सहाने भागलं, आणि म्हणाली, छत्तीसच्या आसपास येतात. म्हणजे मी पास की तुझ्यासारखी?
गणित माझा विषय नाही.
तिने डबा उघडला, पातेल्यात ओतून गरम केला. मी खाल्ला. गुण देत नाही. दोनदा घेतला, एवढंच.
टेबल जळू नये म्हणून तिने पातेलं माझ्या पुस्तिकेवर ठेवलं होतं. आता कव्हरवर नावाभोवती एक काळं वर्तुळ आहे. आत्या म्हणाली, पुठ्ठा मात्र झकास आहे रे, असे आणखी पाच आणून दे, खिडक्यांपाशी लागतात.