फाटलेला पोशाख कोणी शिवला

सोनपेठ

प्रिय मल्हार,

पत्र बघून तुला हसू येईल. हस बाबा. तुझ्या आईला हसणारे आता पन्नास हजार झालेत, त्यात तू एक जास्त. फोनच केला असता, पण फोनवर मी बोललेलं तू कुठे नेऊन लावशील याचा भरवसा राहिला नाही. म्हणून दीपिकाच्या वहीची मधली पानं काढून लिहिते आहे. ती कुरकुर करत होती, पण भावाला लिहायचंय म्हटल्यावर दिली तिने.

तुझ्या चॅनेलवरचा तो व्हिडिओ पाहिला, त्या जपानी कार्टून मालिकेतल्या सुपरहिरोच्या पहिल्या सीझनच्या जमेच्या आणि पडत्या बाजूंचा. घर सोडून तुला सात महिने झाले. एवढ्या दिवसांत तू माझ्याशी कधी सलग दोन मिनिटं बोलला नाहीस, आणि इथे पंचवीस मिनिटं बोलत होतास. कळत काही नव्हतं, पण कान देऊन ऐकत बसले. आणि मधेच माझं तोंड दिसलं. उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर मी रडले होते ना, तेच. "जेवलास का रं? लय वाळलास की. कवा येणार हाईस?" आणि त्यावर तू म्हणालास, पडती बाजू नंबर एक, हिरोची आई, बाराही भाग नुसती दारात उभी राहून रडते, माझी आई बघा, सेम टू सेम. वर माझ्या बोलण्याखाली शुद्ध मराठीत अक्षरं टाकलीस. माझ्या मराठीखाली मराठी! मी काय जपानी आहे का रे? लोक हसले याचं नाही एवढं, पण त्या अक्षरांचं मला फार लागलं.

आठवडी बाजारात भाजी घेत होते, तर मागून चतुराबाईची सून म्हणते, "कवा येणार हाईस रं?" सगळ्या बायका खिदळल्या. मी वांगी तशीच टाकून घरी आले. तुझ्या वडिलांना यातलं काही माहीत नाही. ते मेंढरं घेऊन गोदागंगेच्या काठाला आहेत, त्यांच्याकडे बटनाचा फोन. भेटेल त्याला सांगत फिरतात, "आमचं पोरगं टीव्हीत काम करायलंय." मी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

मग ठरवलं, जिच्याशी आपली तुलना झाली ती बाई एकदा बघू तरी. दीपिकाने ती मालिका हिंदीत लावून दिली. शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं करता करता मोबाइल शिलाई मशीनवर टेकवून बघत गेले. तेव्हा आता मलाही चार शब्द बोलायचा हक्क आहे, चॅनेल नसलं म्हणून काय झालं.

चांगलं ते चांगलंच म्हणते. कोसळणारी वस्तू तो पोरगा हातांवर तोलून धरतो, पूल म्हणू नको, आगगाडीचा डबा म्हणू नको, पण तेवढा भार त्याच्या गुडघ्यांत उतरतो, दुसऱ्या दिवशी त्याला जिना चढवत नाही. हे मला आवडलं. फुकटची ताकद दाखवली नाही. त्याच्या वैऱ्याचा रागही खरा वाटतो. त्याची माणसं पुलाखाली गेली तेव्हा कोणी आलं नव्हतं. हे तूही सांगितलंस, बरोबर सांगितलंस. पण मधले तीन भाग नुसत्या जुन्या आठवणींचे, रबरासारखे ताणलेले. आणि ती त्याची मैत्रीण, तिला त्याच्या नावाने किंचाळण्यापलीकडे कामच नाही. तिच्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. ती दिसायला छान आहे म्हणून असेल.

पण बघता बघता तुझी पडती बाजू नंबर चार आठवली आणि मशीन थांबवलं. तू म्हणालास, पोशाख प्रत्येक भागात फाटतो आणि पुढच्या भागात धड असतो, काढणाऱ्यांचा निष्काळजीपणा. मल्हार, सहावा भाग थांबवून बघ. उजव्या खांद्यावर टाके आहेत, निळ्या कापडावर काळा दोरा. आठव्यात काखेत ठिगळ आहे, आणि ते तिच्याच एप्रनचं आहे, दुसऱ्या भागात ती तो घालून भांडी घासते. ज्याने चित्रं काढली त्याने एकेक टाका मोजून काढलाय. तो पोशाख त्याची आई शिवत होती रे. तुझे पन्नास हजार सोड, तुला दिसू नये? याच मशीनच्या पायाशी तू रांगलास. तिसरीत असताना वर्गात सांगायचास, "माझी चड्डी कधी फाटतच न्हाई." गुरुजींनी मला हसत हसत सांगितलं होतं. रोज कुठेतरी फाडून आणायचास, आणि सकाळी धड दिसली की तुला वाटायचं ती फाटलीच नव्हती. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता राग येतो, तुझाही आणि माझाही.

परवा तुझा फोन आला, पंधरा तारखेला येतो, दोन दिवस राहतो. मी वेडी हुरळून गेले. तुझ्या वडिलांना निरोप धाडला, मेंढरं सोबतच्या नागनाथवर सोपवून दोन दिवस घरी या म्हणून. धपाट्यांचं पीठ दळून आणलं. सगळ्या गल्लीला सांगत सुटले. संध्याकाळी दीपिकाने खाली मान घालून मोबाइल पुढे केला. तू चॅनेलवर आधीच जाहीर केलं होतंस: पंधरा तारखेला आईला शेवटचा भाग दाखवणार, तिचं रडणं थेट बघा. म्हणून हे पत्र. शेवटच्या भागात ती आई मरते, हे तुला माहीत आहे. तो सगळ्यांसाठी पूल धरून उभा असतो आणि तिच्यापर्यंत पोचत नाही. ते बघताना माझं तोंड कसं होतं, तेवढ्यासाठी तू येणार होतास. तर तो भाग मी काल दुपारी पाहून टाकला. दीपिका शाळेत होती, घरात कोणी नव्हतं. पोटभर रडले. ते आता दुसऱ्यांदा होणार नाही. तुला कॅमेऱ्यात घेण्याजोगं इथे काही उरलेलं नाही. तरीही यावंसं वाटलं, तर ये.

तुझीच,
आई