सीटमागची पेटी

चि. अनुश्री,

परवा निरंजन म्हणाला ना, "बाबा, पिकअप नुसती डिझेल पिऊन राहिली." गाडीतलं फालतू वजन काढलं की डिझेल वाचतं, असं मी वाचलं होतं. म्हणून काल सीटमागची पेटी काढली. आधी मायलेज वाढू दे, मग सांगू, म्हणून गप्प राहिलो.

आत्ता उघडली, तर आत जॅक आणि चाकाचा पाना! तो आज केशकाल घाट चढणार, आणि मागचं चाक गुळगुळीत झालेलं. चालवताना फोन उचलत नाही. दुपारपर्यंत घाटाच्या अलीकडे धमतरीला माल उतरवत असेल, तिथंच त्याला गाठायला पेटी घेऊन बसने निघालो. जेवणाला थांबू नकोस.

त्याचा फोन आला तर धमतरीलाच थांबायला सांग. कशासाठी, ते मीच सांगेन. या वेळी नक्की सांगेन.

बाबा