जयवंताच्या मुलीला, बिनशर्त

मी, गुलाब याकोब साळवे, वय ७४ वर्षे, धर्म ख्रिस्ती, सेवानिवृत्त (आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवत होतो), राहणार वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजवा हात अधू असल्याने अक्षर वाकडे आले आहे, मजकूर मात्र विचार करून लिहिला आहे. मला कोणी दम दिलेला नाही किंवा गोड बोलून वळवलेले नाही. गोड बोलायला घरात कोणी नाही.

१. माझी पत्नी मंजुषा सन २०१६ मध्ये प्रभूत झोपी गेली. आम्हाला मूलबाळ नाही. एकुलती एक बहीण जयवंता सन २०२३ मध्ये वारली. तिची मुलगी पौर्णिमा रामाजी मून, शिक्षिका, राहणार आंजी (मोठी), तालुका वर्धा, एवढीच आता माझ्या रक्ताची जवळची व्यक्ती उरली आहे.

२. वर्धा येथील माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण यांसह, मी स्वकष्टाने बांधले आहे. ते माझ्यामागे पौर्णिमाला मिळावे. चंद्रभान वकिलांनी मसुद्यात "माझी सेवाशुश्रूषा केल्याबद्दल" असे शब्द घातले होते. ते मी काढायला लावले.

"काका, कारण लिहिलं की कोर्टात बरं पडतं," वकील म्हणाले.

"तिने माझी काही सेवा केलेली नाही. ती माझ्याशी फारशी बोलतही नाही."

"मग देता कशाला?"

त्याचे उत्तर पुढे लिहीत आहे. माझा चुलत पुतण्या धीरज या घरावर हक्क सांगतो, त्यानेही ते वाचावे.

३. जयवंता आंजीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. सन १९८५ मध्ये तिने रामाजी मून या बौद्ध शिक्षकाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. माणूस सज्जन होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी त्या वेळी आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस होतो. सभासदांच्या वहीतून तिचे नाव कमी करावे, हा ठराव मीच मांडला आणि पट्टी लावून तांबड्या शाईची रेघही मीच मारली. ती दारात उभी होती. म्हणाली, "भाऊ, नाव खोडतं त खोड. पण माह्याशी बोलत जाजो."

मी बोललो नाही. तिने सगळ्यांसमोर चूक कबूल करावी, मग बघू, अशी माझी अट होती.

सन २००१ मध्ये आई गेली. जयवंताला मी दफन उरकल्यावर निरोप दिला. ती दुपारच्या एसटीने आली तेव्हा लोक कबरस्थानातून परतत होते. ती कबरेजवळ बसली, ढेकळे फोडून हाताने माती सारखी केली आणि तशीच मातीच्या हातांनी गाडीला गेली. मी फाटकापाशी उभा होतो. माझ्या अंगावरून गेली, तरी मी तिला थांब म्हटले नाही. ही गोष्ट आजवर कुठल्याही कागदावर नव्हती, म्हणून इथे लिहिली.

४. सन २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी न्हाणीघरात पडलो आणि उजवी बाजू गेली. मंडळीचे लोक दोन रविवार येऊन प्रार्थना करून गेले. मग त्यांची कामे निघाली. धीरज घराच्या कागदांची झेरॉक्स मागायला आला. तिसऱ्या आठवड्यात जयवंता पिशवी घेऊन दारात उभी राहिली. चौसष्ट वर्षांची, विधवा, गुडघे दुखणारी.

"कोणी बोलावलं तुला?" माझी जीभ जड झाली होती, तेवढेच निघाले.

"कोणी नाई. चहापत्ती कुठं ठेवतं?"

ती सात महिने राहिली. माझे सगळे अंथरुणात होते, ते तिने काढले. भात कालवून भरवला. हात धरून मला पुन्हा अक्षरे गिरवायला लावली. हे मृत्युपत्र त्याच अक्षरांत आहे. मी आईचा विषय काढला की म्हणायची, "हात वर कर, बाही घालू दे." एकदा मी बाही घालू दिली नाही. विचारले, "जयवंता, तू मला माफ केलंस का?"

"ते तं मी आईच्या मातीच्याच दिवशी केलं," ती म्हणाली. "तू मागशीन म्हणून थांबली असती त मरून गेली असती, भाऊ."

म्हणजे एकवीस वर्षे मी माफ झालेला माणूस होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तिच्याशी न बोलता मी ती सगळी वर्षे वाया घालवली.

मंडळीत चाळीस वर्षे मी देवाच्या कृपेवर शिकवले. पात्रता नसताना मिळालेली देणगी म्हणजे कृपा, हे शेकडो जणांकडून पाठ करून घेतले. पण मनात मी असे धरले होते की आधी माणसाने पश्चात्ताप करायचा, मग देव दार उघडणार, आणि त्या दाराशी राखणीला मी. जयवंताच्या बाबतीत उलटे घडले. आधी ती आली, पश्चात्ताप मला मागून झाला. प्रभू आपल्याकडे असाच येतो, आपण अजून तोंड फिरवून बसलेले असताना, हे मला सत्तरी उलटल्यावर बहिणीच्या हातून भात खाताना कळले. वकिलांच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. म्हणून कलम २ मध्ये कोणतीही अट नाही. पौर्णिमाने घर ठेवावे, विकावे, किंवा कुलूप लावून टाकावे.

५. जयवंता नोव्हेंबर २०२३ मध्ये हृदयविकाराने गेली. पौर्णिमाने मला आणायला गाडी पाठवली आणि मी पोहोचेपर्यंत दोन तास माणसे थांबवून धरली. मी तिचे आभार मानू लागलो.

"आईनं सांगून ठेवलं होतं म्हणून थांबवलं, मामा. माह्या मनावर असतं त नसतं थांबवलं."

ती खरे बोलली. तिचा माझ्यावरचा राग योग्य आहे आणि या कागदाने तो मिटावा, अशी माझी अपेक्षा नाही.

६. माझे रंधे, पटाश्या, करवती आणि गिरमिट सेलूचा आदेश उईके या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला द्यावीत. त्याचे तिथे फर्निचरचे दुकान आहे. माझा लहान रंधा त्याने २००४ मध्येच नेला होता, तो आता कायमचा त्याचा. कृपेवरच्या माझ्या अकरा वह्या रद्दीत घालाव्यात. कोणीही त्यांवरून शिकवू नये. बँकेतील शिल्लक कबरस्थानाच्या कुंपणाला द्यावी. त्यावर माझ्या नावाची पाटी नको. जयवंताच्या नावावरची रेघ पुसावी, असा अर्ज मी मंडळीकडे केला होता. मयत सभासदाची नोंद बदलता येत नाही, असे उत्तर आले. नियम माझ्याच हस्ताक्षरातला निघाला.

७. शेजारी नत्थूजी रोज सकाळी माझे दार वाजवतो आणि आतून आवाज आला की पुढे जातो. दिवसातले माझे बोलणे बहुधा तेवढेच. त्याला माझी सायकल द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. "सायकल राहू द्या," नत्थूजी म्हणाला, "मी सही करतो."

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चंद्रभान वकिलांनी करावी. काल कलम २ मी पौर्णिमाला फोनवर वाचून दाखवले.

"घर घेतलं म्हंजे माफ केलं, असं होत नाई मामा."

"नाही होत," मी म्हणालो.

मग तिने विचारले, "जेवले का तुम्ही?"

मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगितले. ते खोटे होते, हे इथे नमूद करतो. बाकी वर लिहिलेले सर्व खरे आहे.

गुलाब याकोब साळवे
(सही स्वतःच्या उजव्या हाताने केली आहे)

आमच्या दोघांच्या समक्ष त्यांनी हे वाचले आणि सही केली. मग त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार:
१. नत्थूजी महादेव ढगे, शेजारी
२. कोकिळा वसंत वानखेडे, शेजारीण

ठिकाण: वर्धा
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५